चार दिवस न हलवलेली माती

मातीबद्दल लिहायला बसले की मी आधी कढीपत्त्याबद्दल लिहायला लागते. ते सोपं जातं, कारण कढीपत्त्याच्या गोष्टीत माझी चूक फारशी दिसत नाही. असं तीनदा झालं आणि तिन्ही वेळा मी कागद बाजूला ठेवला. आता पन्नाशी उलटली. जिची माती होती ती बाई आता या जगात नाही. जिच्या तोंडून मी खोटं बोलले ती माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती, आता नोकरी करते. तेव्हा या वेळी कढीपत्ता थोडक्यात आटपते.

नव्वदच्या दशकात आम्ही जपानात, त्सुकुबाला होतो. नवरा एका संशोधन संस्थेत काम करायचा, मी घरी. गाव सगळं आखून वसवलेलं, रुंद रस्ते, उंच झाडं आणि सायकली. तेव्हा तिथे रेल्वेसुद्धा आली नव्हती, तोक्योला जायचं तर बस. आम्ही मात्र संस्थेच्या वसाहतीत न राहता जुन्या वस्तीच्या कडेला, एका दुमजली लाकडी इमारतीत वरच्या मजल्यावर राहत होतो. इमारतीच्या मालकीणबाई शेजारच्या कौलारू घरात एकट्या राहायच्या. वय सत्तरीच्या आसपास, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. माझी मुलगी त्यांना ओबाचान म्हणायची, म्हणजे आजी. मला जपानी येत होतं ते दुकानापुरतं आणि कोणत्या वारी कोणता कचरा ठेवायचा तेवढ्यापुरतं. बाकी सगळं मुलगी. शाळेची चिठ्ठी, गॅसवाला, दाताचा डॉक्टर, सगळीकडे मी तिला पुढे करायची आणि मागून मराठीत बोलायची.

कढीपत्त्याचं रोप नवऱ्याबरोबर काम करणाऱ्या एका तमिळ गृहस्थांच्या बायकोने दिलं होतं, आइसक्रीमच्या रिकाम्या डब्यात लावून. तिथली थंडी त्याला बाहेर सोसणार नाही म्हणून ते, आणि त्याच्या शेजारी तुळस, अशा दोन्ही कुंड्या मी चटईच्या खोलीत दक्षिणेच्या खिडकीशी ठेवल्या. दुकानातल्या पिशवीतली माती भरली होती. फेब्रुवारीपर्यंत तिची वीट झाली. पाणी वरच थांबायचं आणि कडेकडेने खाली निघून जायचं. कढीपत्त्याची चार पानं उरली. मी ती मोजत असे, पण फोडणीत टाकायची छाती होत नव्हती.

मालकीणबाई हीटर तपासायला आल्या होत्या, तेव्हा त्यांनी न विचारता कुंडीत बोट खुपसलं आणि एक शब्द बोलल्या.

"मेलीये म्हणते," मुलगी म्हणाली.

"कढीपत्ता?"

"नाही गं. माती."

तिथून सुरुवात झाली. त्यांचे यजमान पाटबंधारे खात्यात होते, पण जीव कुंड्यांत. त्यांनी घरात वाढवलेल्या क्लिवियाच्या नऊ कुंड्या अजून बाईंच्या बैठकीत ओळीने होत्या, काळसर हिरव्या पट्ट्यांसारखी पानं आणि वसंतात केशरी फुलं. त्या कुंड्यांची माती यजमानांनी स्वतः तयार केलेली. आणि दर वर्षी नवी माती करताना जुन्यातली एक बादली बाजूला ठेवायची, विरजणासारखी. यजमान गेल्यावरही बाईंनी ते विरजण चालू ठेवलं होतं. त्या एकदा मुलीला म्हणाल्या, "त्यांचे कपडे दिले, चष्मा दिला. हे कोणाला देणार? यात तर ते अजून काम करतायत."

मुलीने हे मला जसंच्या तसं सांगितलं आणि विचारलं, "आई, आजोबा मातीत काम करतात?"

मातीची कृती मला त्यांनी हाताला धरून शिकवली. रस्त्याच्या कडेला टपरीएवढं यंत्र असायचं, त्यात नाणं टाकून शेतकरी तांदूळ सडून घ्यायचे. मागच्या कोठीत कोंडा साठायचा, तो कोणीही न्यावा. आम्ही दोघी सायकलवरून पोती भरून आणायचो. त्यात मोहरीची पेंड, भाताच्या तुसाचा कोळसा, दोन वर्षं कुजवलेली पानं, आणि मग ते विरजण. पाणी बेताचं. मूठ वळली की मुटका झाला पाहिजे आणि बोट लावलं की तो फुटला पाहिजे. माझा पहिला मुटका फुटेना, तेव्हा बाईंनी तो माझ्याच हातातून घेऊन परत ढिगात आपटला. हे सगळं बाईंच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये सफरचंदाच्या लाकडी खोक्यात भरायचं, वर गवताची चटई. दुसऱ्या दिवशी आत हात घातला तर ऊब. तिसऱ्या दिवशी चटका. रोज हलवायचं, तळाचं वर आणि वरचं तळाला. हलवलं नाही तर आत हवा पोचत नाही, त्यातले जीव गुदमरतात आणि सगळं सडतं. नीट जमलं तर आंबोळीच्या पिठासारखा गोड आंबूस वास येतो. दोन-तीन आठवड्यांत ते थंड होतं, मग लाल मातीत मिसळून महिनाभर मुरवायचं, आणि मगच कुंडीत भरायचं. घाई केली तर घरात चिलटं होतात आणि मुळं भाजतात.

त्या उन्हाळ्यात बाईंच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. जाण्याच्या आठवडाभर आधी त्यांनी खोकं भरलं, नेहमीच्या दुप्पट. माझ्या कुंड्यांनाही पुरावं म्हणून. आणि दुप्पट करायचं म्हणून त्या वर्षी विरजणाची सगळी बादली त्यात ओतली, मागे काही ठेवलं नाही. "थंड झालं की त्यातलंच काढून ठेवू," त्या म्हणाल्या. मग मुलीला म्हणाल्या, "आईला सांग, रोज सकाळी. हाताने. फावड्याने नाही, फावड्याला ऊब कळत नाही."

पहिले पाच दिवस मी रोज गेले.

आता जे सांगायचं ते असं. सहाव्या दिवशी माझी पाळी आली. परदेशात दोन खोल्यांच्या घरात बाजूला बसणं शक्यच नव्हतं. स्वयंपाक मीच करायची, देवाला नमस्कारही करायची, सगळे नियम एकेक करून सुटले होते. दोनच राहिले होते: लोणच्याच्या बरणीला शिवायचं नाही आणि तुळशीला हात लावायचा नाही. हे मी कोणाशी बोलले नव्हते, नवऱ्याशीसुद्धा नाही. एमएस्सी झालेल्या बाईने काय सांगायचं? आणि ते खोकं तर आंबवलेलं, म्हणजे लोणच्यासारखंच, आणि त्यातली अर्धी माती माझ्या तुळशीला जाणार होती. शेडच्या दारापर्यंत गेले आणि परत आले.

एवढंच असतं तर मी हे कधीच लिहून टाकलं असतं. पण खरी गोष्ट अशी की त्या चार दिवसांत मला बरं वाटत होतं. तिथला जून-जुलैचा पावसाळा संपून उकाडा सुरू झाला होता, शेडमध्ये पत्र्याखाली जीव घाबरायचा, तो कोंडा नखांत जायचा, आणि रोज कोणाच्या तरी नवऱ्याच्या मातीत हात घालायचा मला कंटाळा आला होता. नियम मला सापडला तो सबबीसारखा. नवऱ्याला नुसतं "जरा चार दिवस तू हलवशील का" म्हटलं असतं तरी त्याने केलं असतं. मी म्हटलं नाही. का, असं विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं.

पाचव्या दिवशी न्हाऊन गेले. चटई उचलली आणि नाकावर मारल्यासारखा वास आला. अमोनिया. आतलं काळं, चिकट झालेलं, अळ्या वळवळत होत्या. मी कोरडा कोंडा घातला, दिवसातून तीनदा हलवलं. खोकं गार पडलं ते पडलं.

आणि मग मी विचार करून, शांत डोक्याने, पुरावा नाहीसा केला. सगळा सडलेला माल पिशव्यांत भरला आणि मंगळवारी जाळायच्या कचऱ्याबरोबर ठेवला. दुपारी बाकी सगळा कचरा गेलेला, माझ्या पिशव्या तिथेच, गळत, आणि प्रत्येकीवर लाल चिठ्ठी.

"काय लिहिलंय?" मी मुलीला विचारलं.

तिने मोठ्याने वाचलं. "माती नेता येत नाही. घरी परत न्या." मग नाक धरून, "आई, ही ओबाचानची माती आहे ना?"

"खराब झाली. नवी करू आपण."

"ओबाचानला सांगायचं?"

"नको. त्यांचा पाय दुखतोय ना."

त्या पिशव्या सायकलवरून तीन खेपांत नेऊन मी लांबच्या एका शेताच्या बांधावर रिकाम्या केल्या. यंत्रावरून ताजा कोंडा आणला, दुकानातून पानांच्या खताची पिशवी, आणि त्याच खोक्यात, त्याच चटईखाली नवं मिश्रण भरलं. रोज हलवलं. आता अगदी न चुकता.

ऑगस्टच्या मध्यावर बाई काठी टेकत परत आल्या. घरात शिरण्याआधी शेडमध्ये गेल्या. मी मुलीला पुढे केलं.

"सांग त्यांना, रोज हलवत होते."

मुलीने माझ्याकडे वळून पाहिलं. "रोज?"

"हो. रोज."

ती बाईंकडे वळली आणि म्हणाली, "माइनिची." रोज. अगदी बारीक आवाजात.

बाईंनी मूठभर उचललं, नाकाशी नेलं. थोडा वेळ तसंच धरलं. मग ते परत ठेवून चटई सारखी केली, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, तुम्हाला बराच त्रास झाला, आभारी आहे. जपानी माणसं म्हणतात तसंच. मला वाटलं, सुटले.

सप्टेंबरात माझ्या कुंड्यांत ती माती भरली. ती मुरलेली नव्हतीच. कोंडा कुंडीतच तापला, कढीपत्ता पिवळा पडला, खोलीभर चिलटं झाली. नवरा जेवताना ताटावर हात हलवत म्हणाला, "अगं, ही तुझी सेंद्रिय शेती आपल्याला खाणार की आपण तिला?" मी हसले. पण माझी झोप उडाली ती कढीपत्त्याने नव्हे. ऑक्टोबरात एकदा भाड्याचा लिफाफा द्यायला गेले तर बाईंच्या पायरीशी दुकानातल्या मातीची पिशवी होती, वर फुलांचा रंगीत फोटो. क्लिवियाच्या नऊ कुंड्या त्यांनी त्या मातीत बदलल्या होत्या. शेडमधल्या खोक्याला हातही लावला नव्हता.

म्हणजे त्यांना पहिल्या वासालाच कळलं होतं. आणि त्या काही बोलल्या नव्हत्या, कारण बोलायचं तर मुलीच्या मार्फत बोलावं लागलं असतं.

त्याच सुमारास मुलीने माझ्यासाठी बोलणं बंद केलं. शाळेत तिच्या शिक्षिकेला काही विचारायचं होतं, मी नेहमीसारखं मागून म्हटलं, "सांग त्यांना," तर ती बुटाकडे बघत जपानीत म्हणाली, "तूच सांग." घरी येऊन रागावले तिच्यावर. ती रडली नाही. "तू काहीपण सांगायला लावतेस," म्हणाली.

गावच्या सभागृहात दर गुरुवारी परदेशी बायकांसाठी जपानीचा वर्ग असायचा. दीड वर्षं मी टाळत होते, त्या आठवड्यात नाव घातलं. शिकवणाऱ्या बाईंना वाटलं, मला दुकानात भाव विचारायला शिकायचंय. मी वहीत वाक्यं जुळवत होते: मी हलवलं नाही. माती मेली. मी फेकली. मी खोटं बोलले. पाळीला काय म्हणतात ते वर्गात विचारवेना, म्हणून शब्दकोशातून काढलं.

नोव्हेंबरच्या शेवटी एका रविवारी सकाळी गेले. बाई पडवीत पर्सिमॉन, ती केशरी टोमॅटोसारखी फळं, सोलत बसल्या होत्या, वाळवायला टांगण्यासाठी. मी उभ्यानेच वही उघडून वाचायला लागले. जपानी फार मोडकं असणार, कारण पहिल्या दोन वाक्यांना त्यांनी मान वर केली नाही. पाळीचा शब्द आला तेव्हा सुरी थांबली.

"बस," त्या म्हणाल्या. हे मला समजलं. पुढचं त्या सावकाश, लहान मुलाशी बोलावं तसं बोलल्या, आणि जे सुटलं ते मी परत विचारलं.

"सोलायला लाग," त्यांनी एक सुरी माझ्यापुढे सरकवली. "तुमच्याकडे त्या दिवसांत काय शिवायचं नसतं?"

"लोणचं. आणि देवाचं झाड."

"आमच्याकडे मिसोचं पिंप, सोयाबीन आंबवायचं. माझी सासू मला कोठीच्या उंबऱ्यापलीकडे येऊ द्यायची नाही." त्यांनी एक साल सबंध उतरवलं. "पण त्या दिवसांत पिंप ती बघायची. तिचे दिवस आले की माझी मोठी जाऊ बघायची. पिंप कधी चार दिवस एकटं राहिलं नाही. तू नियम घेऊन आलीस, आणि दुसरा हात घरीच ठेवून आलीस."

मी सुरी उचलून एक फळ हातात घेतलं.

"माझ्या नवऱ्याची माती होती ती," त्या म्हणाल्या. "मला राग आहे. अजून आहे. पण माती मेली म्हणून जास्त की मुलीला बोलायला लावलंस म्हणून, ते मला नीट सांगता येणार नाही. ती माझ्याकडे बघत नाही हल्ली. पूर्वी दारातून ओरडत यायची."

मग आम्ही उरलेली सगळी पर्सिमॉन सोलली. त्यांनी माझी सोललेली उचलून बघितली आणि म्हणाल्या, "निम्मं फळ सालाबरोबर गेलं. कशी चालवतेस गं घर?"

घरी जाऊन मी मुलीला सांगितलं, मी ओबाचानला खरं सांगितलं. आणि तुला खोटं बोलायला लावलं, ते माझं चुकलं. ती चित्र रंगवत होती. "कोण बोललं जपानीत?" तिने विचारलं.

"मीच."

"तू?" तिने खडू खाली ठेवला. "म्हणून दाखव बघू."

मी वही उघडून सगळं परत वाचलं. ती हसून हसून चटईवर लोळली. "आई, तू रोबोसारखी बोलतेस! ओबाचानला कळलं तरी का?"

"कळलं."

"सगळं?"

"सगळं."

पुढच्या रविवारी बाईंनी आम्हा तिघांना गावामागच्या बांबूच्या बनात नेलं. काठीने पडलेली पानं बाजूला केली की खाली कुठे कुठे पांढऱ्या बुरशीच्या वड्या दिसायच्या, कापसाच्या पेळूसारख्या दाट. विरजणाची सुरुवात त्यातून होते. यजमानांनीही चाळीसेक वर्षांपूर्वी याच बनातून केली होती, हे बाईंनी मुलीला सांगितलं आणि मुलीने आपणहून, मी न विचारता, मला मराठीत सांगितलं. नवऱ्याने घरून पोळीचा डबा आणला होता, त्यातच वड्या भरल्या. वाटेत मी त्याला ते चार दिवस आणि सगळंच सांगून टाकलं. त्याने डबा दुसऱ्या हातात घेतला. "मला सांगायचंस ना," एवढंच म्हणाला. मग थोड्या वेळाने, "हातच लावायचा होता ना? मला दोन आहेत."

थंडीत कोंडा आपोआप तापत नाही. बाईंनी खोक्यात मधोमध गरम पाण्याची पत्र्याची बाटली पुरायला सांगितली, तिकडे रात्री पांघरुणात घेतात तशी. चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी मी बाटली काढली, हात घातला, आणि ऊब होती, बाटली नसतानाही. शेडच्या दारातून ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. मुलगी आणि बाई दोघीही आल्या, आणि तीन हात एकाच वेळी त्या खोक्यात होते.

माझे चार दिवस डिसेंबरात आले तेव्हा मी हात धुतले आणि शेडमध्ये गेले. भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. मुटका वळला, फुटला. वास गोड होता. त्या दिवशी तुळशीलाही पाणी घातलं.

ही माती चांगली झाली, पण ती त्यांच्या यजमानांची नव्हती. बाई हे कधी विसरल्या नाहीत. वसंतात क्लिवियाच्या आठ कुंड्यांत त्यांनी ती भरली. नववीला लावू दिली नाही. तिच्या तळाशी यजमानांच्या हातची थोडी जुनी माती मुळांना धरून असेल असं त्यांना वाटायचं. कढीपत्त्याला त्या एप्रिलमध्ये बुंध्याशी नवा फुटवा आला.

मे महिन्यात दुसऱ्या गुडघ्याचं ठरलं. बाईंनी खोकं भरलं, या वेळी विरजणाची अर्धी बादली मागे ठेवून. मग मला हाक मारली, एकटीलाच.

"पंधरा दिवस," त्या म्हणाल्या.

मी मनात मोजलं. "मधे माझे चार दिवस येतील," मी म्हटलं. जपानीत, वही न बघता.

"मग?"

"मग काही नाही. हात धुऊन घालीन."

बाईंनी काठी भिंतीला टेकवली आणि चटई उचलून माझ्या हातात दिली.

"धू," त्या म्हणाल्या. "पण साबण लावू नकोस. मरतील आतले जीव बिचारे."